दीड हजारांची शिल्लक

महिन्याला दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पुण्या-मुंबईच्या नोकरदार घरात ही रक्कम दूध आणि भाजीच्या हिशेबात कुठल्या कुठे जाते. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईसाठी मात्र महाराष्ट्रातील २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती जवळजवळ पाच दिवसांची मजुरी आहे. ही मजुरी न राबता, थेट तिच्या नावाच्या खात्यात येते. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, या मुख्य अटींवर दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत पैसे जमा झाले. योजनेच्या राजकारणावर भरपूर लिहिले गेले. या पैशाचे बाईने करायचे काय, हा साधा प्रश्न मात्र बहुधा रील आणि जाहिरातींवर सोडून दिला जातो. या लेखात तेवढ्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करू. ज्या घरात महिनाअखेरीस किराणा उधारीवर येतो, त्या घरात हे पैसे खर्च होणार आणि तसे होणे योग्यच आहे. पोराचे औषध, शाळेची वही, तेलाचा पुडा यांवर गेलेला पैसा वाया गेला असे कोणी म्हणू नये. प्रश्न दीड हजारांतून सुटू शकणाऱ्या तीनशे-पाचशे रुपयांचा आहे. वर्षाला अठरा हजार आणि पाच वर्षांत नव्वद हजार रुपये एका बाईच्या नावाने येणार असतील, तर त्यांतले काही तिच्या नावाने उरणार की नाही?

या पैशाचा स्वभाव

पगार, शेतमालाची पट्टी आणि सरकारी हप्ता या तीन वेगळ्या स्वभावांच्या रकमा आहेत. पगाराची तारीख ठरलेली असते. पट्टी हंगामात एकदम येते. सरकारी हप्त्याला ठराविक रक्कम असते, पण तारखेची खात्री नसते. योजनेतले पहिलेच पैसे जुलै आणि ऑगस्ट २०२४ असे दोन महिन्यांचे एकत्र, तीन हजार रुपये आले. पुढे विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आगाऊ मिळाले. २०२४-२५ साठी ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला होता, तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक झाली. अटी तपासल्या जातात, नावे वगळली जातात आणि वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की हक्क संपतो.

याचा अर्थ असा की हप्त्याला कायमचे उत्पन्न धरून त्यावर नवे कर्ज उचलणे हा सर्वांत धोक्याचा वापर आहे. 'तुमचे दीड हजार येतातच, त्यात हप्ता बसतो' असे सांगून कोणी फ्रिज किंवा मोबाइल गळ्यात मारत असेल, तर हप्ता थांबल्यावरही कर्ज थांबणार नाही, एवढे लक्षात ठेवावे. सूक्ष्म कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की घरातील सर्व कर्जांची मासिक परतफेड मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नये. ही मर्यादा सावकाराला विचारून कोणी सांगणार नाही. ती आपणच मोजावी लागते.

गरीब माणूस बचत करतो, आणि त्यासाठी पैसेही मोजतो

'या लोकांना बचतीची सवयच नाही' हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत सहज ऐकू येते. अभ्यास वेगळेच सांगतात. स्टुअर्ट रदरफर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडवस्तीतील एका पद्धतीची नोंद केली आहे. एक बाई घरोघर फिरून रोज पाच रुपये गोळा करते. २२० चौकटींचे कार्ड भरले की जमा होतात अकराशे रुपये, आणि परत मिळतात हजार. म्हणजे तिथे बचतीवर व्याज मिळत नाही, उलट बचत करण्यासाठी शंभर रुपये द्यावे लागतात. तरीही बायका आनंदाने पैसे टाकत, कारण रोज कोणीतरी दारात येऊन पैसे नेणे हीच त्यांची खरी गरज होती. हीच गरज ओळखून सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये 'पिग्मी' ठेव सुरू केली. रोज दोन आण्यांची ती ठेव कर्नाटकातून आली आणि आपल्याकडच्या पतसंस्थांत तो शब्द इतका रुजला की आज पिग्मी एजंट म्हटले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

केनियात पास्कलिन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी केलेल्या प्रयोगात काही लोकांना आरोग्याच्या खर्चासाठी पैसे ठेवायला सुरक्षित जागा म्हणून साधी पेटी दिली. एवढ्यानेच आरोग्यासाठीची बचत ६६ टक्क्यांनी वाढली. फिलिपिन्समध्ये ठरलेले उद्दिष्ट किंवा ठरलेली तारीख येईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत असे खाते देऊ केले, तेव्हा वर्षभरात सरासरी शिल्लक ८१ टक्क्यांनी वाढली. दोन्ही ठिकाणी लोकांचे उत्पन्न वाढले नव्हते. पैसा हातापासून थोडा लांब गेला, एवढाच फरक.

आपल्या आज्या हे न शिकता जाणत होत्या. तांदळाच्या डब्यात, गोधडीच्या शिवणीत, देवघराच्या मागे ठेवलेला पैसा नजरेआड राहत असे. त्या जागांत दोन उणिवा होत्या: व्याज नव्हते, आणि घरातल्या कोणाला जागा कळली की पैसा गेला. आजच्या बाईला जागा निवडताना या दोन्ही उणिवा टाळता येतात. फक्त जागा निवडण्याचा क्रम चुकता कामा नये.

पहिली गुंतवणूक: जुने कर्ज

'शेकडा तीन' हा शब्द गावाकडे सर्रास वापरला जातो. महिन्याला शंभराला तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. कुठलीही बँक, कुठलेही टपाल खाते इतके व्याज देत नाही. म्हणून डोक्यावर असे कर्ज असताना बचत खाते भरत बसणे तोट्याचे आहे.

समजा, एका शेतमजूर बाईवर शेकडा तीनने दहा हजारांचे कर्ज आहे. ती दरमहा फक्त व्याज देते, तीनशे रुपये. आठ महिन्यांत चोवीसशे रुपये जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. तिने योजनेचे पूर्ण दीड हजार दरमहा त्याच कर्जाला दिले, तर पहिल्या महिन्यानंतर बाकी ८,८०० होते, दुसऱ्यानंतर ७,५६४, आणि आठव्या महिन्यात सुमारे ८२९ रुपये दिले की कर्ज संपते. एकूण व्याज गेले सुमारे १,३२९ रुपये. नवव्या महिन्यापासून दीड हजार तर मोकळे होतातच, शिवाय पूर्वी व्याजात जाणारे तीनशेही हातात राहतात.

अडचण अशी की अनेक खासगी सावकार मुद्दल तुकड्यांनी घेत नाहीत. 'द्यायचे तर एकदम द्या' असे म्हणतात, कारण व्याज चालू राहण्यातच त्यांचे हित असते. अशा वेळी दोन वाटा आहेत. सात महिने पैसे बँकेत साठवून रक्कम एकदम द्यावी, किंवा बचत गटातून कमी व्याजाने कर्ज काढून सावकाराचे मिटवावे आणि दीड हजारांतून गटाचे फेडावे. परतफेडीची पावती किंवा लेखी नोंद दोन्ही वाटांवर घ्यावीच.

दुसरी: अडीअडचणीची रक्कम आणि विमा

कर्ज बहुतेक वेळा चैनीसाठी होत नाही. ताप, बाळंतपण, बैल आजारी पडणे, अचानक आलेले लग्नाचे निमंत्रण, अशा वेळी हजार-दोन हजार नसतात म्हणून सावकाराचे दार गाठावे लागते. त्यामुळे कर्ज फिटल्यावर पुढचे काही हप्ते खात्यात तसेच राहू द्यावेत. चार-पाच हजारांची शिल्लक झाली की छोट्या संकटांना सावकार लागत नाही. या रकमेवर व्याज किती, हा प्रश्न इथे गौण आहे. ती लगेच काढता यावी, एवढेच पाहावे.

मोठ्या संकटासाठी दोन स्वस्त विमे आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते, वयोमर्यादा १८ ते ७०. जीवन ज्योती विम्यात ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी दोन लाख, प्रवेशाचे वय १८ ते ५०. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये, महिन्याला ३८. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप जातात. त्या वेळी खाते रिकामे असेल तर विमा बंद पडतो. म्हणून मे महिन्याचा हप्ता पूर्ण काढू नये. घरातील माणसांना हा विमा आहे हे माहीत असणेही तितकेच महत्त्वाचे, नाहीतर दावा करणार कोण?

तिसरी: मुदतीची बचत

पाच वर्षांनंतर लागणाऱ्या पैशासाठी टपाल खात्याची आवर्ती ठेव सोयीची आहे. सुरुवात शंभर रुपयांपासून करता येते. सध्याच्या ६.७ टक्के दराने दरमहा ५०० रुपये भरले, तर पाच वर्षांत ३०,००० जमा होतात आणि हाती सुमारे ३५,६८० येतात. बारा हप्ते भरल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे मधल्या अडचणीत ठेव मोडावी लागत नाही. तीन वर्षांनी खाते बंद करता येते, पण तेव्हा फक्त बचत खात्याचे व्याज मिळते.

हप्त्याचा लहरीपणा इथे आडवा येतो. महिना चुकला तर शंभराला एक रुपया दंड पडतो, आणि चार हप्ते थकले की खाते बंद होते. ते दोन महिन्यांत पुन्हा चालू करून घ्यावे लागते. यावर उपाय साधे आहेत. खाते महिन्याच्या १६ तारखेनंतर उघडले तर पुढचे हप्ते महिनाअखेरपर्यंत भरता येतात. दोन महिन्यांचे पैसे एकत्र आले तर एक हप्ता आगाऊ भरून ठेवता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, योजनेचे पैसे महिनाभर लांबले तरी भरता येईल एवढाच हप्ता ठरवावा. पाचशे झेपत नसतील तर दोनशेपासून सुरुवात करावी.

घरात दहा वर्षांखालील मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खाते अधिक लवचीक आहे. त्यात वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खाते जिवंत राहते. ज्या महिन्यात पैसे आले त्या महिन्यात भरावेत, नाही आले तर थांबावे. सध्याचा दर ८.२ टक्के आहे. दरमहा ५०० रुपये पंधरा वर्षे भरले, म्हणजे एकूण ९०,००० रुपये, आणि दर असाच राहिला, तर खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पावणेतीन लाखांच्या आसपास रक्कम होते. दर सरकार दर तिमाहीला ठरवते, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच धरावा. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते.

चाळिशीच्या आतल्या बाईने म्हातारपणाचाही विचार करावा. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना एक ते पाच हजारांची निश्चित पेन्शन मिळते. तिशीत सुरुवात केली तर हजारांच्या पेन्शनसाठी महिना ११६ आणि पाच हजारांच्या पेन्शनसाठी ५७७ रुपये भरावे लागतात. चाळिशीत सुरुवात केली तर तेच आकडे २९१ आणि १,४५४ होतात. दहा वर्षांच्या उशिराची किंमत यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही. मात्र ही पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या हजार रुपयांची किंमत आजच्या सुमारे २३१ रुपयांइतकीच असेल. पेन्शन घ्यावी, पण तिच्यावरच विसंबू नये.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीच्या जाहिराती आता तालुक्याच्या बसस्थानकापर्यंत पोहोचल्या आहेत. शेअरशी जोडलेल्या फंडात दीर्घकाळात वाढ होऊ शकते, पण हमी नसते, आणि नेमक्या गरजेच्या महिन्यात किंमत खाली असू शकते. कर्ज, अडचणीची रक्कम आणि विमा या तिन्ही पायऱ्या झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

भिशी आणि बचत गट

भिशीत दहा बायका दरमहा हजार टाकतात आणि दर महिन्याला एकीला दहा हजार मिळतात. मोठी वस्तू घ्यायला ही सोय उत्तम, पण सगळा व्यवहार ओळखीवर चालतो. लवकर उचल घेतलेली बाई गाव सोडून गेली तर शेवटच्या नंबरच्या बाईचे पैसे जातात. म्हणून भिशी शेजारपाजारच्या, रोज तोंड दिसणाऱ्या माणसांतच असावी. 'वर्षात दुप्पट' म्हणणारी भिशी ही भिशीच नसते.

बचत गटात पैसा फिरतो आणि वाढतोही. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केलेली गट-बँक जोडणी आणि पुढे आलेले 'उमेद' अभियान यांमुळे महाराष्ट्रात गटाची वीण गावोगाव आहे. समजा बारा बायकांनी महिना ५०० रुपये टाकले, तर वर्षाला ७२,००० रुपयांचे भांडवल तयार होते. गटाच्या अंतर्गत कर्जावरचे व्याज बाहेर जात नाही, ते सर्वांच्याच खात्यात परत येते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही पंचसूत्री अनेकींना पाठ असते. गट मोडतात ते बहुधा पाचव्या सूत्रावर. वही एकीच्याच घरी राहिली आणि बाकीच्यांनी ती पाहिलीच नाही, की संशय सुरू होतो.

शेळी की शिलाई मशीन?

मेक्सिकोत १९९७ मध्ये गरीब कुटुंबांतील आयांच्या हाती रोख रक्कम देणारी योजना सुरू झाली. तिच्या अभ्यासात दिसले की मिळालेल्या प्रत्येक शंभर सेंटाव्होंपैकी ७४ रोजच्या खर्चात गेले आणि उरलेले कुटुंबांनी जनावरे, शेती, छोटे उद्योग यांत घातले. त्यातून शेतीचे उत्पन्न दीड वर्षात जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढले. छोटी रक्कमही मालमत्ता होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

तरी मालमत्ता घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हिचा रोजचा खर्च कोण करणार? ही बंद पडली किंवा मेली तर काय? हिच्यातून आलेला माल किंवा काम घेणारे गिऱ्हाईक कुठे आहे? उस्मानाबादी शेळी जुळी करडे देण्यासाठी नावाजलेली आहे, पण चराई नसेल आणि पीपीआरची लस वेळेवर दिली नसेल तर एका साथीत सगळे जाते. शिलाई मशीन आजारी पडत नाही, पण गल्लीत आधीच चार मशीन असतील तर पाचवे चादरीखाली झाकून राहते. सोन्यात घडणावळ आणि कर जातो, ते विकताना परत मिळत नाहीत. सोने घ्यायचेच तर हॉलमार्क आणि सहा अक्षरी क्रमांक पाहून, पक्क्या पावतीने घ्यावे.

गळती कुठे होते

सर्वांत जास्त गळती कागदावर दिसत नाही. अंगठा लावून पैसे देणाऱ्या केंद्रावर पावती न घेता उठणे, 'सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा अंगठा लावा' म्हटल्यावर दुसऱ्यांदा लावणे, ई-केवायसीसाठी आलेल्या अनोळखी दुव्यावर ओटीपी देणे, यांतून पैसा जातो. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणणे हा सर्वांत स्वस्त पहारेकरी आहे. योजनेच्या सुरुवातीला काही खात्यांतून शिल्लक कमी असल्याचा दंड किंवा जुनी थकबाकी कापली गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ही रक्कम कापू नये अशा सूचना शासनाने बँकांना दिल्या. ज्यांना कपात दिसते त्यांनी लेखी अर्ज द्यावा. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यात किमान शिलकीची अटच नसते.

ठेव कुठेही ठेवताना एक फरक पक्का लक्षात ठेवावा. व्यापारी असो की सहकारी, बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी सगळी शिल्लक पतसंस्थेत नेण्याआधी या ओळी पुन्हा वाचाव्यात.

नाव तिचे, निर्णय कोणाचा?

उत्तर मध्य प्रदेशात रोजगार हमीच्या मजुरीबाबत एक मोठा प्रयोग झाला. काही गावांत स्त्रियांना स्वतःचे बँक खाते मिळाले, मजुरी थेट त्याच खात्यात येऊ लागली, आणि खाते कसे वापरावे याचे छोटे प्रशिक्षणही मिळाले. ज्यांना फक्त खाते मिळाले त्यांच्यापेक्षा या स्त्रिया पुढे अधिक काम करू लागल्या आणि बाईने बाहेर काम करण्याबद्दलची त्यांची मतेही सैल झाली. पैसे नावावर येणे ही पहिली पायरी. ते कसे काढायचे, कसे ठेवायचे हे स्वतःला येणे ही दुसरी. पहिल्या पायरीवर थांबलेल्या घरांत कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि पिन मुलाच्या तोंडी असतो.

इथे ठरलेल्या हप्त्याचा आणखी एक उपयोग दिसतो. 'पैसे देणार नाही' असे नवऱ्याला, दिराला किंवा माहेरच्या भावाला सांगणे बाईला जड जाते. 'गटाचा हप्ता भरायचा आहे', 'पोस्टात भरून झाले' हे सांगणे सोपे असते. बांधलेली बचत म्हणजे भांडण न करता नाही म्हणण्याची सोय. व्याजाच्या कुठल्याही तक्त्यात तिची किंमत लिहिलेली नसते.

हा अंक वाचणाऱ्या अनेकांच्या घरी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या खात्यात हा हप्ता येतो. त्यांना सल्ला देण्यापेक्षा एक दुपार सोबत जाणे अधिक उपयोगी पडेल. पोस्टात जाऊन फॉर्म भरायला मदत करावी, वारसाचे नाव लावून घ्यावे, पासबुकातल्या ओळी एकत्र वाचाव्यात, आणि पिन त्यांनाच टाकू द्यावा. योजना उद्या बदलेल, तिचे नाव बदलेल, कदाचित ती बंदही होईल. पोस्टात जाऊन स्वतःच्या सहीने पैसे ठेवायला आणि काढायला शिकलेल्या बाईचे शिकणे मात्र कोणत्याही शासन निर्णयाने रद्द होत नाही.